कांबळे मॅडम आणि गारठलेले जंतू

कांबळे मॅडम आमच्या घरी आल्या की आधी आमच्या फ्रिजला भेटतात, मग आम्हाला. दारात चपला काढायच्या, कोणाकडेही न बघता "काय, बरं ना सगळं?" असं विचारायचं आणि उत्तर यायच्या आत स्वयंपाकघरात शिरायचं. पर्समधून एक काचेचा थर्मामीटर निघतो, तो फ्रिजच्या मधल्या कप्प्यात जातो आणि मॅडम फ्रिजच्या दाराला पाठ टेकवून उभ्या राहतात. मधेच कोणी दार उघडू नये म्हणून. मग तशाच उभ्या राहून त्या आमच्याशी गप्पा मारतात. आम्हीही स्वयंपाकघरात उभे. आमच्याकडे सोफा आहे, पण कांबळे मॅडमशी बोलायला तो कधी उपयोगी पडलेला नाही.

थोड्या वेळाने निकाल लागतो.

"नऊ! मेधा, नऊ आहे. हा फ्रिज नाही गं, हे कपाट आहे."

मेधा, म्हणजे माझी बायको, यावर तोंड वाकडं करते. मी मात्र मान खाली घालतो. माझा स्वभावच अपराधी आहे. सिग्नलला हवालदार दिसला की पायी चाललेला असूनही मी थांबतो. दुकानात कोणाची वस्तू हरवली की मी आपले खिसे चाचपतो. अशा माणसाला कांबळे मॅडम शेजारी मिळणं म्हणजे काय, याची कल्पना करा. त्यांनी काही विचारायच्या आत मी कबूल करून टाकतो. "मॅडम, काल रात्री आमटी ओट्यावरच राहिली. सकाळी उकळून खाल्ली."

"चव कशी होती?"

"बरी होती."

"त्यांनाही बरी वाटली असणार," मॅडम म्हणतात.

'ते' म्हणजे जंतू. कांबळे मॅडम त्यांना जंतू म्हणत नाहीत, 'आमची मंडळी' म्हणतात. घोडपदेवच्या चाळीत वाढलेल्या गिरणी कामगाराच्या या मुलीने परळच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात उभा जन्म घालवला. डॉक्टरेट केली ती एका विचित्र विषयात. उबेत मजेत राहणारे जंतू एकदम थंडीत टाकले तर ते काय करतात? मला विचाराल तर हा प्रश्न कोणाला पडावा असा नाही. मॅडमना तो तरुणपणी पडला आणि निवृत्त झाल्या तरी त्या त्यातून उठलेल्या नाहीत.

हे मला कळलं ते लिफ्टमध्ये. लालबागची आमची जुनी चाळ पाडून तिच्या जागी हा टॉवर झाला. चाळीत कोणालाही टाळता येत नसे. टॉवरमध्ये कोणी भेटतच नाही. कांबळे मॅडम आमच्याच चौदाव्या मजल्यावर नव्याने राहायला आल्या, एकट्याच. एकदा लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. गप्प राहणं मला उद्धटपणाचं वाटलं, म्हणून मी म्हणालो, "मॅडम, तुमचा विषय काय हो नेमका?"

चौदावा मजला आला. लिफ्टचं दार उघडलं. मॅडम बोलत होत्या. दार मिटलं, लिफ्ट कोणीतरी खाली बोलावली, आम्ही तळमजल्यावर आलो, पुन्हा वर गेलो. दुधाची पिशवी माझ्या हातात गरम होत होती आणि मॅडम तिच्याकडे बघत मला सांगत होत्या की अचानक गारठा आला की जंतूचं कातडं तुपासारखं थिजतं. आत जे निरोप इकडून तिकडे जात असतात ते स्वतःभोवतीच गुंडाळले जातात. कोणालाच काही वाचता येत नाही. सगळा कारखाना ठप्प. वाढ बंद.

"मरतात?" मी जरा आशेने विचारलं.

"छे! थांबतात. लोकांना वाटतं फ्रिज म्हणजे स्मशान. अहो, फ्रिज म्हणजे माथेरान. मंडळी स्वेटर घालून बसलेली असतात."

हा स्वेटर म्हणजेच त्यांचं लाडकं 'कोल्ड शॉक प्रोटीन'. सगळं बंद पडलेलं असताना जंतू हे एक बारकंसं प्रथिन मात्र झपाट्याने बनवत सुटतात. ते काय करतं, हे मला लिफ्टमध्ये समजलं नाही. पुढे समजलं, आणि ते कसं समजलं ते सांगायला मला अजून लाज वाटते.

सोसायटीत महिला दिनाला मॅडमचं भाषण ठेवलं होतं. विषय 'गृहिणी आणि आरोग्य'. मी तिथे फक्त माइक लावायला गेलो होतो. मॅडमनी हिंदमाताच्या कापडबाजारात जाऊन पांढरं कापड आणलं होतं, लांबच्या लांब, आणि त्यावर मार्करने काहीतरी लिहिलं होतं. त्यांनी मला स्टेजवर ओढलं.

"हे धुरी. हे आता रायबोसोम आहेत. रायबोसोमचं काम काय? निरोप वाचायचा आणि त्याप्रमाणे प्रथिन करायचं. वाचा, धुरी."

मी कापड वाचत गेलो. "आज... भेंडीची... भाजी..."

"थंडी!" मॅडम ओरडल्या आणि त्यांनी कापड माझ्या हातात गोळा करून कोंबलं. "वाचा आता!"

कापडाचा बोळा झाला होता. मी उलटसुलट करत राहिलो. "भेंडी... भें..." बायका हसायला लागल्या. घाबरलो की माझे कान लाल होतात, ते झाले. मॅडमनी समोर बसलेल्या मांजरेकरबाईंना आणि मेधाला पुढे बोलावलं. "तुम्ही दोघी कोल्ड शॉक प्रोटीन. एकीने हे टोक धरा, दुसरीने ते. ओढू नका हां, फाटेल. नुसतं धरा. त्याला परत गुंडाळू देऊ नका. आता वाचा."

"आज भेंडीची भाजी करा," मी वाचलं. टाळ्या पडल्या.

"बघितलंत?" मॅडम माइकवर म्हणाल्या. "या दोघींनी काय दुरुस्त केलं? काही नाही. निरोप लिहिला? नाही. वाचला? नाही. नुसतं धरून ठेवलं. एवढंच काम. पण ते कोणी केलं नाही तर धुरी जन्मभर 'भें भें' करत बसतील."

त्या दिवसापासून टॉवरमधली पोरं मला 'रायबोसोम अंकल' म्हणतात. त्याचं मला दुःख नाही. दुःख याचं आहे की घरी गेल्यावर मेधाने खरोखर भेंडीची भाजी केली आणि वाढताना म्हणाली, "वाचता येतंय ना?"

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं तोवर ठीक होतं. मग माझे वडील गेले.

आई आणि ते आमच्याकडेच राहायचे. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. आमच्या बाजूला अशा वेळी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. टॉवर झाला तरी आत माणसं चाळीतलीच. तासाभरात घर भरलं. कोणी फोन करतंय, कोणी सामान आणायला धावतंय, कोणी माझ्या पाठीवर हात ठेवून उभं आहे. संध्याकाळी पिठलं-भात आला, तोही तीन घरांतून. गावाहून माणसं आली. तेराव्यापर्यंत आमच्या दाराला कडी लागली नाही.

एक माणूस आलं नाही. चार पावलांवरच्या दारातल्या कांबळे मॅडम.

मला कळलंच नाही असं त्या म्हणू शकत नव्हत्या. वडिलांना न्यायच्या आधी मी लिफ्टपाशी उभा होतो, तेव्हा त्या समोर होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि स्वतःच्या घरात जाऊन दार लावून घेतलं.

आता अपराधी स्वभावाच्या माणसाला राग क्वचित येतो, पण आला की तो माणूस त्याला पाहुण्यासारखा बसायला पाट देतो. वडील गेल्याचं दुःख करायचं सोडून मी कोण आलं आणि कोण नाही हे मोजत बसलो. आधी वाटलं, चूक माझीच असणार. मागच्याच महिन्यात मॅडमनी भेट दिलेला थर्मामीटर मेधाने "आमचा आम्ही बघू" म्हणून परत केला होता, मी मधे पडलो नव्हतो. मग वाटलं, थर्मामीटरवरून कोणी मयताला यायचं सोडतं का? मग राग चढला. मॅडम लिफ्टपाशी दिसल्या की मी जिन्याने जायला लागलो. चौदा मजले. गुडघे दुखायला लागले तेव्हा त्याचाही राग मॅडमच्याच नावावर टाकला. त्यांना ऐकवायचं एक वाक्य मी जिना चढता चढता घासून-पुसून तयार केलं: "मॅडम, जंतूंची एवढी काळजी असते तुम्हाला, माणसांची नसते का?"

मेधाला ते म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "आल्या नाहीत तेच बरं. आल्या असत्या तर आधी फ्रिज उघडला असता."

खरी काळजी वेगळीच होती. आई बोलत नव्हती.

वडील गेले त्या दिवशी ती रडली नाही. लोकांनी बळे बळे रडवायचा प्रयत्न केला, तरी नाही. खिडकीपाशी खुर्चीत बसली ती बसलीच. दिवसभर ज्या बाईचा तोंडाचा पट्टा मालवणीत चालायचा, जिच्या शिव्यांनी वडील सकाळी उठायचे, ती हो-नाहीसुद्धा म्हणेना. दोन घास पुढे केले तर खायची, नाही केले तर नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन परत फिरायची. डॉक्टर बघून गेले, म्हणाले शरीराला काही झालेलं नाही. पण दर दिवशी साडीच्या निऱ्या जास्त पडत होत्या. वडिलांच्या मागोमाग ही पण जाणार असं मला वाटायला लागलं, आणि ते मी कोणाला सांगू शकत नव्हतो. मी तिच्यासमोर बसून म्हणायचो, "आई, बोल ना काहीतरी. आई, बघ माझ्याकडे. आई, असं करून कसं चालेल?" ती माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायची.

तेरावं झालं. गोडाचं जेवण झालं. गाववाले गेले, नातेवाईक गेले, मागून आणलेल्या सतरंज्या परत गेल्या. दुसऱ्या दिवशी घरात इतकी शांतता होती की फ्रिजचा आवाज ऐकू येत होता.

चार वाजता बेल वाजली. कांबळे मॅडम. हातात स्टीलचा डबा.

माझं वाक्य तयार होतं. मी छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं आणि म्हणालो, "या ना मॅडम, या, या."

त्या स्वयंपाकघरात गेल्या. फ्रिज उघडला. तेराव्याची उरलेली भाजी, दोन दिवसांची खीर, सगळं न बोलता कचऱ्यात ओतलं, भांडी घासायला टाकली. मग आईच्या समोर खुर्ची ओढून बसल्या. 'वाईट झालं' नाही, 'कसं झालं' नाही, 'धीर धरा' नाही. म्हणाल्या, "मावशी, जंतूंना थंडी वाजते, तुम्हाला माहितीये?"

मेधाने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

तासभर त्या आईला जंतूंची गोष्ट सांगत होत्या. आपल्या पोटातल्या उबेत राहणारा एक जंतू, मजेत खातोय, पितोय, पोरंबाळं होतायत, आणि एक दिवस एकदम थंडीत पडतो. आई ऐकतेय की नाही ते कळत नव्हतं. पाच वाजता मॅडम उठल्या. "येते मावशी."

दुसऱ्या दिवशी चार वाजता परत. तीच गोष्ट, थोडी पुढे. तिसऱ्या दिवशी परत. मी ऑफिसातून रजा घेतली होती, त्यामुळे पुढची सगळी प्रवचनं मी आतल्या खोलीतून ऐकली. इतकी सविस्तर की मी आज त्या विषयाची परीक्षा देऊ शकेन. मॅडम आईला काही विचारायच्या नाहीत. तिचा हात हातात घ्यायच्या नाहीत. नुसत्या बोलत राहायच्या, मधे गप्प बसायच्या, परत बोलायच्या.

एका दुपारी गोष्ट ऐन रंगात आली होती. "...सगळं थिजलंय मावशी. निरोपांच्या गाठी झाल्यात. कारखाना बंद. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, संपला हा." इतक्यात मॅडमचा फोन वाजला. त्या चष्मा शोधायला लागल्या. पर्स उलटीपालटी केली. फोन वाजून थांबला.

"मगे?" आई म्हणाली.

स्वयंपाकघरात मेधाने गॅस बंद केला. आणि मग मी जे केलं ते माझ्यासारखा गाढवच करू शकतो. मी धावत बाहेर आलो, आईसमोर गुडघ्यांवर बसलो आणि ओरडलो, "आई! आई, तू बोललीस!"

आईने माझ्याकडे बघितलं. तोंड मिटून घेतलं. आणि पुढचे दोन दिवस ती पुन्हा एक अक्षर बोलली नाही.

मॅडम मला लिफ्टपर्यंत घेऊन गेल्या. शिक्षिका होत्या शेवटी; आवाज न चढवता झाडायचं कसं ते त्यांना येत होतं. "धुरी, तुम्ही कापड ओढलंत."

"चुकलो मॅडम."

"चार वाजता मी असेन तेव्हा तुम्ही बाहेर फिरून येत जा. परळपर्यंत चालत जा. तब्येतीलाही बरं."

मी जायला लागलो. त्यामुळे आईचं पुढचं वाक्य मला मेधाकडून कळलं. मॅडमनी डब्यातून दुधीची भाजी आणली होती. मॅडमच्या स्वयंपाकाबद्दल एवढंच सांगतो की त्या सगळं उकडतात आणि तिथे थांबतात. आईने एक घास घेतला, चावला, गिळला आणि म्हणाली, "बाय माजे, ह्यात मीठ कोण घालतलो? तुझे ते जंतू?"

मॅडम म्हणे इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. आई उठली, स्वयंपाकघरात गेली आणि त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली. उंबरा ओलांडला ते तिच्याही लक्षात आलं नाही, असं मेधा म्हणाली. हे सांगताना मेधा रडत होती, आणि रडता रडता म्हणाली, "तू नव्हतास ते बरं झालं."

त्यानंतर चक्रं उलटी फिरली. आईच चार वाजता कांबळे मॅडमकडे जायला लागली. जाताना वाटीत कधी तिखटजाळ सुकट, कधी कुळथाची पिठी. मॅडमना शिकवायला. जाताना मला शिव्या देऊन जायची, आणि त्या ऐकून मला इतकं बरं वाटायचं की मी मुद्दाम काहीतरी चूक करून ठेवायचो.

माझं मन मात्र खात होतं. एका रविवारी सकाळी मी मॅडमकडे गेलो. त्यांच्या घरी मी पहिल्यांदाच गेलो होतो. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, पुस्तकं, आणि हॉलमध्ये एका माणसाला कशाला लागतात असं वाटावं इतक्या खुर्च्या.

"मॅडम," मी उभ्यानेच म्हणालो, "मला कबूल करायचंय. मी तुमच्यावर फार रागावलो होतो."

"माहितीये. मला बघून तुम्ही चौदा मजले चढत होतात. मी वर दार उघडं ठेवून ऐकायचे, धापा टाकत पोचताय ना नीट, म्हणून. बसा."

मी बसलो. त्यांनी चहा आणला. चहासुद्धा उकडलेला होता.

"तुम्ही त्या दिवशी का आला नाहीत?"

"त्या दिवशी येऊन काय करणार होते मी? त्या दिवशी माणसं असतात." त्यांनी चहा ढवळला. "आमचे मिस्टर गेले तेव्हा मी कॉलेजच्या क्वार्टर्समध्ये होते. घोडपदेवहून सगळी आली, आख्खं कॉलेज आलं. इतकी माणसं की मला बसायला जागा नव्हती. शेजारून, वरून-खालून खुर्च्या मागवल्या. तेवढ्यानेही पुरेना म्हणून माझ्या भावाने आणखी विकत आणल्या."

"मग?"

"मग काय. मग खुर्च्याच खुर्च्या."

मी कप खाली ठेवला. काहीतरी बोलायला हवं होतं आणि मला माझ्या त्या जिन्यातल्या वाक्याची आठवण होत होती. शेवटी मी त्यांना बरं वाटावं म्हणून त्यांच्याच विषयावर गेलो.

"मॅडम, तुमच्या जंतूंना थंडीतून सावरायला किती वेळ लागतो?"

"त्यांना? काही तास. फार तर."

"आणि माणसांना?"



"त्यावर माझा अभ्यास नाही," त्या म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

परवाची गोष्ट. आई चारला गेली ती जेवायची वेळ झाली तरी आली नाही. मेधाने पानं घेतली होती. मी बोलवायला गेलो. मॅडमचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत टीव्ही चालू होता, आवाज बंद करून. सोफ्यावर आई ताठ बसली होती, आणि कांबळे मॅडम तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, चष्मा आईच्या मांडीवर. आई मॅडमपेक्षा हातभर बुटकी आहे. एवढं वजन पेलताना तिची मान वाकडी झाली होती.

"आई, जेवायला..."

आईने डोळे वटारले. "हळू बोल मेल्या," ती पुटपुटली. "रात रात जागता ही. आता लागली हा झोप."

"पण तुझा हात अवघडला असेल. मी उठवू का त्यांना?"

"कित्याक? तुम्ही जेवा. माजा झाकून ठेव."

मी चपला हातात घेतल्या आणि दार होतं तसं लोटून घेतलं.